झोपेला जागा नसलेली होडी

कयाक ही मुळात एकाच माणसाने बसून, दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायची, वरून बंद असलेली अरुंद होडी आहे. आणि अशा होडीतून गेल्या शंभर वर्षांत माणसांनी अटलांटिक महासागर, कॅलिफोर्नियापासून हवाईपर्यंतचा पॅसिफिक आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्यामधला टास्मान समुद्र ओलांडला आहे. या प्रवासांविषयी जे लिहिले जाते त्यात लाटा, वादळे, शार्क आणि दंडातले बळ यांचे वर्णन भरपूर असते. प्रवास करणाऱ्यांचे अनुभव आणि त्यांच्या होड्यांची रचना शेजारी ठेवून पाहिली, तर मात्र एक वेगळीच अडचण पुन्हा पुन्हा समोर येते, ती झोपेची. कयाक समुद्रावर वस्ती करण्यासाठी घडलेली नाही. समुद्रावर जाऊन, शिकार साधून, शक्य तितक्या लवकर किनाऱ्याला परतण्यासाठी ती घडली आहे. तिच्यात बसायला जागा आहे, पाय लांब करायला जागा आहे, पण आडवे व्हायला नाही, आणि वल्हे थांबले की तिचा तोलही बसलेल्या माणसाच्या जागेपणावरच अवलंबून राहतो. कयाकमधील असामान्य साहसांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या एका उणिवेवर शोधलेल्या उपायांचा इतिहास आहे.

ही उणीव म्हणजे होडी बांधणाऱ्यांचे अज्ञान नव्हे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. ग्रीनलंड, उत्तर कॅनडा आणि अलास्का येथील इनुइट आणि अल्यूशियन बेटांवरील उनांगन या लोकांनी कयाक शिकारीसाठी सिद्ध केली. जिथे झाड उगवत नाही अशा प्रदेशात समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाचा, आणि तेही अपुरे पडेल तिथे हाडांचा सांगाडा करून त्यावर सीलचे कातडे ताणून बसवले जाई. ते कातडे स्त्रिया शिवत, आणि सुई कातड्याच्या आरपार जाऊ न देता घातलेल्या त्या टाक्यांतून पाणी झिरपत नसे. होडीची मापे ज्याची होडी त्याच्या शरीरावरून घेतली जात. ग्रीनलंडच्या परंपरेत लांबी साधारण तीन वाव, म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांच्या तिप्पट, आणि रुंदी कमरेला बेताची ठेवत. अशी होडी बेतून शिवलेल्या अंगरख्यासारखी अंगावर बसते, म्हणूनच ती कमरेच्या हालचालीने वळते आणि उलटली तर वल्ह्याच्या एका फटकाऱ्याने, आतला माणूस बाहेर न पडता, पुन्हा सरळ होते. या पलटीला इंग्रजीत ‘रोल’ म्हणतात. आर्क्टिकमधल्या शिकाऱ्यांना ती जगण्यासाठी अत्यावश्यक होती, कारण तिथल्या पाण्यात होडीबाहेर पडलेला माणूस फार वेळ जिवंत राहत नाही. युरोपीय माणसांत मात्र ती साधणारा पहिला म्हणून ऑस्ट्रियाच्या एडी हान्स पावलाटा यांचे नाव १९२७ साली नोंदले गेले. शिवाय कातडे फार काळ पाण्यात राहिले की भिजून जड आणि सैल होते, त्याला अधूनमधून वाळवावे आणि चरबी चोळावी लागते. म्हणजे होडी आणि माणूस दोघांनाही किनाऱ्यावरची विश्रांती हवी असे, आणि सारी रचना हे गृहीत धरूनच केलेली होती.

या संदर्भात स्कॉटलंडमधील एक जुने कोडे विचारात घेण्याजोगे आहे. १६८० च्या दशकात ऑर्कनी बेटांजवळ कातडी होडीत बसलेली, जवळ जाताच वेगाने निसटून जाणारी एकटी माणसे दिसल्याच्या नोंदी आहेत, आणि स्थानिक लोक त्यांना ‘फिनमेन’ म्हणत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ॲबर्डीनजवळ असाच एक माणूस कयाकसह हाती लागला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. एक जुनी ग्रीनलंडी कयाक ॲबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहात आजही आहे. हे लोक ग्रीनलंडहून वल्हवत आले असावेत, अशी कल्पना मोहक आहे, परंतु भिजणारे कातडे आणि झोपेला नसलेली जागा या दोन गोष्टी तिच्या विरुद्ध जातात. देवमाशांची शिकार करणाऱ्या युरोपीय जहाजांनी पळवून आणलेली माणसे किनाऱ्याजवळ सुटली किंवा सोडली गेली, हा खुलासा अधिक पटण्याजोगा आहे. तो खरा मानला, तर साहसकथा म्हणून सांगितली जाणारी ही हकिगत वस्तुतः अपहरणाची ठरते, आणि तिच्याकडे तसेच पाहिले पाहिजे.

इनुइट शिकाऱ्यांचा आणखी एक अनुभव पुढच्या सर्व प्रवासांवर प्रकाश टाकतो. एकोणिसाव्या शतकात ग्रीनलंडमध्ये काम करणाऱ्या डॅनिश डॉक्टरांना शिकाऱ्यांमध्ये एक विकार आढळला, ज्याला ‘कयाकची भीती’ असे नाव पडले. तो वादळात होत नसे. समुद्र आरशासारखा स्तब्ध, ऊन समोरून डोळ्यांवर, शिकारी सीलची वाट पाहत निश्चल बसलेला, अशा वेळी त्याचे क्षितिजाचे भान सुटे. होडी एका बाजूला कलते आहे, आत पाणी भरते आहे, कमरेखालचा भाग गार पडतो आहे असे त्याला वाटू लागे आणि वल्हे मारण्याचे धाडस उरत नसे. वाऱ्याची झुळूक आली, पाण्यावर तरंग उठले किंवा सोबतीची होडी जवळ आली की ते सावट उतरे. पण ज्याला हा अनुभव वारंवार येई त्याला समुद्रावरची शिकार सोडून द्यावी लागे. पिढ्यान्‌पिढ्या या होडीत वाढलेल्या, तिच्यावाचून उपजीविका नसलेल्या कसबी माणसांची ही अवस्था होत असे. स्थिर शरीर, एकसुरी दृश्य आणि एकटेपण एकत्र आले की मेंदू चुकीची ग्वाही देऊ लागतो, हे त्यातून दिसते, आणि विसाव्या शतकातल्या महासागर ओलांडणाऱ्यांना जे भास झाले त्यांचे मूळही इथेच शोधावे लागते.

युरोपात कयाकचा प्रसार हौसेच्या मार्गाने झाला. १८६५ साली जॉन मॅक्ग्रेगर या स्कॉटिश वकिलाने ‘रॉब रॉय’ नावाच्या लाकडी होडीतून युरोपच्या नद्या व सरोवरे पालथी घातली आणि पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक लिहून या छंदाला चालना दिली. खरा बदल मात्र १९०५ मध्ये म्यूनिकचा विद्यार्थी आल्फ्रेड हॉयरिष याने घडीची कयाक तयार केली तेव्हा झाला. सुटा होणारा सांगाडा आणि त्यावर चढवायचे कापडी आवरण, अशी ती रचना होती. रोझेनहाइमचे शिंपी योहान क्लेपर यांनी तिचे हक्क घेऊन कारखाना काढला, आणि दोन पिशव्यांत मावणारी होडी आगगाडीने नदीच्या उगमाकडे नेणे मध्यमवर्गालाही परवडू लागले. सांगाडा आणि त्यावर ताणलेले आवरण हे तत्त्व आर्क्टिकचेच होते. फरक इतकाच की हे आवरण कातड्यासारखे भिजून सैल पडत नव्हते, आणि त्यामुळे होडीला किनाऱ्याची गरज उरली नाही. माणसाला मात्र ती उरलीच.

हे पहिल्यांदा अनुभवास आले ते जर्मन खलाशी फ्रान्ट्स रोमर यांच्या १९२८ मधील प्रवासात. सुमारे साडेसहा मीटर लांबीच्या, शीड लावलेल्या घडीच्या कयाकमधून ते लिस्बनहून कॅनरी बेटांना आणि तिथल्या लास पाल्मासहून, व्यापारी वाऱ्यांच्या साहाय्याने, ५८ दिवसांत कॅरिबियनमधील सेंट थॉमस बेटावर पोहोचले. त्यांना झोप बसूनच घ्यावी लागली, आणि खाऱ्या पाण्यात भिजलेल्या अंगावर सर्वत्र क्षते पडली. तिथेच थांबले असते तर हा प्रवास कयाकच्या इतिहासातला निर्विवाद विजय ठरला असता. पण त्यांना अमेरिकेची मुख्य भूमी गाठायची होती. सप्टेंबरमध्ये, म्हणजे त्या भागातल्या चक्रीवादळांच्या ऐन हंगामात, ते पोर्तो रिकोहून पुढे निघाले आणि परत दिसले नाहीत.

यानंतर २८ वर्षांनी हान्नेस लिंडेमान यांनी तोच मार्ग धरला, आणि या साऱ्या परंपरेतला सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयोग त्यांचाच म्हणावा लागेल. ते जर्मन डॉक्टर होते, लायबेरियात नोकरीला होते, आणि जहाज बुडाल्यावर माणूस किती व कशाच्या बळावर तग धरतो हा त्यांचा अभ्यासविषय होता. समुद्राचे पाणी पिऊन जगता येते, हे फ्रेंच डॉक्टर आलँ बोंबार यांचे मत त्यांना मान्य नव्हते. १९५५ मध्ये एका ओंडक्यातून कोरलेल्या होडीने अटलांटिक ओलांडताना शरीराआधी मन कोसळते, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून पुढच्या प्रवासाआधी काही महिने त्यांनी स्वसूचनेचा सराव केला. शरीर शिथिल करून एखादे छोटे वाक्य पुन्हा पुन्हा मनाशी घोकत ते जागेपणाच्या खाली रुजवायचे, अशी ही पद्धत योहान्नेस शुल्ट्स या मानसोपचारतज्ज्ञाने विकसित केली होती. आपण पार होणार, दिशा पश्चिमच ठेवायची, माघार घ्यायची नाही, अशा आशयाची वाक्ये त्यांनी निवडली होती, आणि झोपेने डोके लुळे पडले तरी हात सुकाणूची दिशा सोडणार नाहीत हा त्यांतला हेतू होता.

२० ऑक्टोबर १९५६ रोजी ते लास पाल्मासहून सव्वापाच मीटर लांबीच्या क्लेपर कयाकमधून निघाले. ती बाजारात मिळणारीच होडी होती. फक्त शीड लावले होते आणि एका बाजूला, कोकणात उलांडी म्हणतात तसा, मोटारीच्या ट्यूबचा आधार जोडला होता. दुधाचे डबे, पकडलेले कच्चे मासे आणि पावसाचे पाणी यांवर त्यांनी ७२ दिवस काढले. झोप तुकड्यातुकड्यांनी, कधी क्षणांच्या डुलकीने मिळत होती, आणि त्याचा परिणाम म्हणून त्यांना माणसांचे आवाज ऐकू येत, नसलेली माणसे दिसत. शेवटच्या टप्प्यात होडी दोनदा उलटली, आणि एक सबंध रात्र त्यांनी उपड्या होडीला धरून काढली. ३० डिसेंबरला सेंट मार्टिन बेटावर ते उतरले तेव्हा त्यांचे वजन वीस किलोंहून अधिक उतरले होते. पराक्रमाच्या यादीत हा प्रवास रोमर यांच्यानंतरचा दुसरा ठरतो, पण ज्ञान म्हणून त्याचे मोल अधिक आहे, कारण थकलेल्या मेंदूवर विसंबता येत नाही हे आधी ओळखून त्याची तजवीज करणारे लिंडेमान हे पहिले होते.

झोपेचा प्रश्न सोडवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे तो टाळणे, अर्थात किनारा न सोडणे. या मार्गाचा सर्वांत थक्क करणारा प्रवास ओस्कार श्पेक यांचा आहे. १९३२ च्या मे महिन्यात, आर्थिक मंदीत व्यवसाय बुडालेला हा पंचवीस वर्षांचा तरुण जर्मनीतील उल्म येथून डॅन्यूब नदीत घडीची होडी घालून निघाला तो सायप्रसच्या तांब्याच्या खाणींत काम मिळेल या आशेने. सायप्रसला पोहोचेपर्यंत खाणींची ओढ मागे पडली आणि प्रवासच उद्दिष्ट झाला. सीरिया, युफ्रेटिस नदी, इराणचे आखात, बलुचिस्तान असे करत ते भारताचा पश्चिम किनारा उतरले, १९३५ मध्ये सिलोनला पोहोचले, आणि पुढे पूर्व किनारा, ब्रह्मदेश, मलाया व डच ईस्ट इंडीज करत १९३९ च्या सप्टेंबरमध्ये न्यू गिनीजवळच्या ऑस्ट्रेलियन हद्दीतील साइबाई बेटावर उतरले. महायुद्ध नुकतेच पेटले होते. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांना अटक झाली आणि युद्धाचा काळ त्यांनी नजरकैदेत काढला. सात वर्षांहून अधिक काळ आणि सुमारे ५०,००० किलोमीटर अंतर, मध्ये मलेरियाचे झटके, इंडोनेशियाच्या एका बेटावर झालेली जबर मारहाण, हे सारे घडूनही त्यांचे नाव ऑस्ट्रेलियाबाहेर फारसे कुणाला ठाऊक नाही. होडीवर जर्मनीच्या तत्कालीन राजवटीचे निशाण होते, ही गोष्टही त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. पण कोकणचा किनारा ज्यांना परिचित आहे त्यांनी तरी, त्या काळात एक माणूस कापडी होडीतून या पाण्यातून गेला होता, याची नोंद घ्यायला हवी.

युद्धाने या होडीचा उपयोगच उलटा केला. ७ डिसेंबर १९४२ च्या रात्री ब्रिटिश नौदलाच्या ‘टूना’ या पाणबुडीतून दहा सैनिक पाच घडीच्या होड्यांतून फ्रान्समधील झिराँद नदीच्या मुखाकडे निघाले, आणि रात्री वल्हवत, दिवसा झाडोऱ्यात लपून झोपत त्यांतल्या दोन होड्या बोर्दोच्या बंदरात पोहोचल्या व त्यांनी जहाजांना सुरुंग लावले. दहांपैकी मेजर हॅस्लर आणि बिल स्पार्क्स हे दोघेच जिवंत परतले. दोघे थंडीने गारठून मेले, सहा जणांना जर्मनांनी पकडून ठार केले.

किनारा धरणाऱ्याचीही एक अडचण असते: सगळीकडे उतरता येत नाही. न्यूझीलंडचे पॉल कॅफिन १९८१-८२ मध्ये ३६० दिवसांत ऑस्ट्रेलियाची प्रदक्षिणा करणारे पहिले ठरले, तेव्हा पश्चिमेकडचे झाइटडॉर्पचे कडे आणि दक्षिणेचे दोन लांबलचक उभे कडे यांच्या पायथ्याशी होडी टेकवण्याजोगी जागा नव्हती. ते टप्पे त्यांनी तीस तासांहून अधिक काळ सलग वल्हवून, झोप हटवण्यासाठी कॅफीन या उत्तेजक द्रव्याच्या गोळ्या घेऊन पार केले. जर्मनीच्या फ्राया हॉफमायस्टर यांनी २००९ मध्ये हीच प्रदक्षिणा ३३२ दिवसांत पूर्ण केली. त्यांनी उत्तरेचे कार्पेंटेरियाचे आखात काठाने न जाता सरळ ओलांडले आणि होडीच्या दोन्ही अंगांना हवेच्या पिशव्या बांधून समुद्रावरच रात्री काढल्या; नंतर २०११ ते २०१५ या काळात त्यांनी दक्षिण अमेरिकेलाही फेरी घातली. भारतात मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी २०१५ मध्ये मुंबई ते गोवा आणि २०१६-१७ मध्ये द्वारका ते कन्याकुमारी असा सुमारे ३,००० किलोमीटरचा किनारा कयाकने पार केला, तर शांजली शाही यांनी किनाऱ्यालगतच्या रस्त्यांनी सायकलवरून त्यांना साथ दिली. इथे मुक्कामाची अडचण कमी असते, कारण कोळीवाडे आणि खाड्यांची मुखे पाठोपाठ येत राहतात. प्रवासाची वेळ मात्र वारा ठरवतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वाहते तेव्हा समुद्र शांत असतो आणि दुपारी समुद्रावरचा वारा उठला की पाणी खवळते, हे आपल्या मच्छीमारांना पिढीजात ठाऊक असलेले ज्ञानच इथे कयाक चालवणाऱ्याचे वेळापत्रक बनते.

नद्यांवरील साहसे हा वेगळा विषय आहे, कारण तिथे काळाचे मापच निराळे असते. २००९ मध्ये टायलर ब्रॅट अमेरिकेतील पलूस धबधब्यावरून सुमारे ५७ मीटर खाली आले ते काही सेकंदांत. तिबेटमधील त्सांगपो नदीच्या घळईत १९९८ साली डग गॉर्डन बुडाले, आणि २००२ मध्ये स्कॉट लिंडग्रेन यांच्या तुकडीने तिचा वरचा भाग हिवाळ्यातल्या उतरत्या पाण्यात पार केला तेव्हा नदीइतकीच किनाऱ्यावरून होड्या वाहून नेण्याची पायपीट कठीण ठरली. यांहून वेगळा अनुभव लॉनी बेडवेल यांचा: दृष्टी गमावलेल्या या माजी अमेरिकन नौसैनिकाने २०१३ मध्ये सोबत्यांच्या हाका ऐकत ग्रँड कॅन्यनमधून कोलोराडो नदी कयाकने उतरून दाखवली.

महासागराकडे परतल्यावर १९८७ हे वर्ष निर्णायक दिसते. एड गिलेट हे अमेरिकन मार्गदर्शक २५ जूनला कॅलिफोर्नियातील माँटेरेहून दोन माणसांच्या, दुकानात मिळणाऱ्या कयाकमधून एकटे निघाले. दुसऱ्या माणसाची जागा हीच त्यांची युक्ती होती, कारण रात्री दोन्ही बाजूंना हवेचे तराफे फुगवून ते होडीत आडवे होऊ शकत. वारा अनुकूल असताना पतंगासारखे शीड त्यांना ओढत नेई. वाटेत अन्न संपले, शेवटी त्यांनी टूथपेस्टही खाल्ली, आणि ६३ दिवसांनी ते माउई बेटावर उतरले तेव्हा किनाऱ्यावर त्यांची वाट पाहणारे कुणी नव्हते.

ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू मॅकॉली यांनी याहून कठीण वाट धरली. टास्मान समुद्र थंड, वादळी आणि व्यापारी वाऱ्यांच्या आधाराबाहेरचा आहे, आणि त्यांची होडी एका माणसाची, अरुंदच होती. तिच्यात झोपण्यासाठी त्यांनी बसण्याच्या तोंडावर बंद करता येणारा फायबरग्लासचा घुमट बसवला होता. पुढच्या भागात पाय सरकवून ते आत आडवे होत आणि घुमट ओढून घेत. तो बंद असताना होडी उलटली तरी आपोआप सरळ होई. डिसेंबर २००६ मधल्या पहिल्या प्रयत्नातून थंडीमुळे परतल्यावर ११ जानेवारी २००७ रोजी ते टास्मानियाहून पुन्हा निघाले आणि महिनाभराने, वाटेतली प्रचंड वादळे सोसून, न्यूझीलंडच्या जवळ पोहोचले. ९ फेब्रुवारीला त्यांचा तुटक मदतसंदेश ऐकू आला, दुसऱ्या दिवशी मिलफर्ड साउंडपासून काही तासांच्या अंतरावर होडी सापडली. ते सापडले नाहीत. झोपेवरचा उपाय त्यांना जवळजवळ साधला होता. धोका उरला होता तो घुमट उघडून बाहेर बसण्याच्या अवस्थेतला, जिथे एका उलटण्याने माणूस होडीपासून वेगळा होऊ शकत होता.

त्याच वर्षाच्या शेवटी निघालेले जेम्स कॅस्ट्रिशन आणि जस्टिन जोन्स हे दोघे, बंद केबिन असलेल्या खास बांधणीच्या कयाकमधून, प्रवाहांच्या भोवऱ्यात बरेच दिवस अडकूनही, ६२ दिवसांत टास्मान ओलांडून गेले. केबिन हाच पुढच्या काळाचा मार्ग ठरला, पण तीही निर्धोक नव्हती. ब्रिटनच्या पीटर ब्रे यांना २००० साली, अटलांटिकवरच्या मोहिमेच्या प्रारंभीच, जाग आली ती झोपण्याच्या कप्प्यात पाणी भरलेले असताना. थंड समुद्रात तीसहून अधिक तास काढून ते वाचले, त्यांना चालणे नव्याने शिकावे लागले, आणि तरीही २००१ मध्ये न्यूफाउंडलंडहून आयर्लंडपर्यंत शिडाशिवाय वल्हवत जाऊन त्यांनी ती मोहीम पुरी केली. पोलंडचे अभियंते अलेक्सांडर डोबा यांनी ‘ओलो’ या सात मीटर लांब, मीटरभर रुंद होडीतून अटलांटिक तीनदा पार केला: २०१०-११ मध्ये डाकार ते ब्राझील ९९ दिवसांत, २०१३-१४ मध्ये सुकाणू मोडल्यामुळे बर्म्युडाला थांबून लिस्बन ते फ्लोरिडा, आणि २०१७ मध्ये अमेरिका ते फ्रान्स ११० दिवसांत, वयाची ७१ वर्षे पुरी होण्याच्या काही दिवस आधी. मिठाने ताठरलेले कपडे अंग सोलत म्हणून ते बराच काळ विवस्त्र वल्हवत. निवृत्तीच्या वयातल्या या माणसाचा टिकाव आदराने थक्क व्हावे असाच आहे.

तरीही एक भेद करणे आवश्यक आहे. ‘ओलो’सारखी होडी एका माणसाला उचलून काठावर नेता येत नाही, तिच्यात दार लावून झोपता येते, ती कमरेच्या झोकाने वळत नाही आणि वल्ह्याने सरळही करता येत नाही, ती वल्हे कयाकचे असलेली, पण महासागरी वल्हेनौकेच्या जातीची होडी आहे. २०१८ मध्ये स्कॉट डोनाल्डसन एकट्याने टास्मान ओलांडून गेले, आणि २०२२ मध्ये सिरिल डेरोमो ९१ दिवसांत माँटेरेहून हवाईला पोहोचले तेही केबिन असलेल्या होडीतून, शिडाची किंवा पतंगाची मदत न घेता. निव्वळ वल्हवण्याच्या कसोटीवर डेरोमो यांचा प्रवास गिलेट यांच्याहून कठोर आहे. होडीच्या कसोटीवर मात्र गिलेट, लिंडेमान आणि मॅकॉली हे इनुइटांच्या अंगाला बेतलेल्या होडीच्या अधिक जवळचे ठरतात. या दोन प्रकारांची एकाच विक्रमसूचीत तुलना करणे दोन्हींवर अन्याय करणारे आहे, आणि सागरी प्रवासांच्या नोंदी ठेवणाऱ्यांनी केबिनची कयाक व उघड्या तोंडाची कयाक यांचे वर्ग आता स्पष्टपणे वेगळे करावेत.